उचलता येईल असा रॅम्प

रीम,

तुझ्या कबरीला वीस वर्षांची मुदत आहे. हे मला आधी माहीत नव्हतं. दफनापूर्वी तुझ्या भावाबरोबर मी कब्रस्तानाच्या कचेरीत गेलो होतो. त्याला जर्मन येत नाही आणि माझं जर्मन कचेरीपुरतं ठीक आहे. टेबलापलीकडच्या बाई फार अदबीने बोलत होत्या. इथे 'रूहेत्साइट' वीस वर्षं असतो, म्हणाल्या. रूहेत्साइट म्हणजे विश्रांतीचा काळ. पुढे अर्ज केला तर वाढवून मिळतो. तुझ्या भावाने विचारलं, आणि कुणी अर्ज केला नाही तर? बाई म्हणाल्या की मग ती जागा दुसऱ्या कुणाला देता येते. हे वाक्य मी त्याला सांगितलं नाही. "वाढवून मिळतो," एवढंच पुन्हा सांगितलं.

तू असतीस तर मला तिथल्या तिथे पकडलं असतंस. "हिसाब, अर्धं भाषांतर चालणार नाही."

हिसाब हे नाव तू आमच्या स्वयंपाकघरात ठेवलंस. माधवी पोळ्या लाटता लाटता माझ्याबद्दल कुरकुरत होती, "यांचा हिशेब काही संपत नाही," आणि तू खुर्चीतून उठलीस. "हा शब्द आमचा आहे, अरबी!" मग तू तिला घरातल्या एकेका वस्तूचं नाव विचारत सुटलीस. साबणही तुमचाच निघाला, खुर्चीही निघाली. त्या दिवसापासून मी हिसाब झालो. माझं खरं नाव तू बहुधा विसरूनही गेली असशील.

तुला मराठी येत नव्हतं. तरी हे मराठीतच लिहितोय. जर्मनमध्ये मी ऑफिसच्या मेल सोडून कधी काही लिहिलेलं नाही, आणि तुला लिहिताना वाक्याच्या शेवटी क्रियापद बरोबर बसलं की नाही हे बघत बसायची इच्छा नाही.

आपली ओळख झाली ती आमच्या लेकीमुळे, ईरामुळे. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिला स्केटबोर्ड हवा होता. ड्रेस्डेनमध्ये आम्ही इतकी वर्षं राहतोय, पण स्केटिंगच्या त्या मैदानाकडे मी कधी फिरकलो नव्हतो. मी हेल्मेट, कोपरांची आणि गुडघ्यांची पॅडं अशा सगळ्या सरंजामानिशी तिला घेऊन गेलो, आणि ती उजवा पाय पुढे टाकून उभी राहते आहे हे बघून तिला डावा पुढे टाकायला लावलं. बाकीचे सगळे डावाच पुढे टाकत होते, मी मोजलं होतं. तू मागून आलीस. हाताला खरचटलेलं, केस पांढऱ्या धुळीने भरलेले. "तिला तिचा पाय ठरवू दे," म्हणालीस. "बहुमताने पाय ठरत नाही." ती धूळ तुझ्या प्रयोगशाळेतली होती हे मला नंतर कळलं. दिवसभर तू विद्यापीठात काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचीस, ते किती भाराला फुटतात ते बघायचीस, आणि संध्याकाळी काँक्रीटवर पडायला यायचीस.

मग तू गावाबद्दल सांगायला लागलीस. तुकड्यातुकड्याने, ईरा चक्कर मारून येईपर्यंत जेवढं जमेल तेवढं. वेस्ट बँकमधलं डोंगरउतारावरचं ते गाव. पहिल्या सुट्टीत तू बॅगेत दोन बोर्ड घालून नेलेस. गावातले रस्ते इतके खडबडीत की चाकं फिरण्याऐवजी थरथरायची, सपाट जागा एकच, शाळेचं आवार. तिथे पोरं रांग लावायची. कुणी पडलं की पुढच्याची पाळी, असा नियम तू केला होतास, आणि त्यामुळे मुद्दाम ढकलाढकली सुरू झाली तेव्हा तो बदललास. पुढच्या वर्षी गेलीस तेव्हा पोरांनी जुन्या दाराच्या फळ्यांचा उतार करून ठेवला होता. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या गावातून मुलगे यायला लागले आणि त्यांनी मुलींना आवारातून हुसकलं. तेव्हा तुझी चुलत बहीण हनान, जी त्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे, तिने शुक्रवारची दुपार फक्त मुलींची असं जाहीर केलं आणि फाटकाला आतून कुलूप लावलं. तिथे दुकानात बोर्ड मिळत नाही. पार्सलने पाठवलेले बोर्ड महिनोन्महिने अडकून पडतात. म्हणून ड्रेस्डेनहून जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत तू चाकं कोंबायचीस. आमचे शेजारी इस्रायल-जॉर्डनच्या सहलीला निघाले होते. ते तुला ओळखतसुद्धा नव्हते, तरी तू त्यांनाही सोडलं नाहीस.

मला हे सगळं ऐकायला आवडायचं. पण मी त्यात पडलो तो तू त्या पोरींसाठी जर्मन पद्धतीने संस्था, म्हणजे फेराइन, काढलीस तेव्हा. फेराइन नोंदवायला किमान सात माणसं लागतात. तुझ्याकडे सहा होती. "हिसाब, तुला काही करायचं नाही, फक्त सातवा हो," म्हणालीस. हे खोटं होतं, हे तुलाही माहीत होतं. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात हवा खेळवणाऱ्या नळांचे आराखडे काढणाऱ्या माणसाला रॅम्पचा आराखडा दाखवला तर तो गप्प बसेल का?

माझा पहिला आराखडा तुला आठवत असेलच. एक मीटरपेक्षा उंच चौथरा असला की कठडा हवा, हा इथला नियम माझ्या हाडात भिनलेला. मी चौथऱ्याच्या चारही बाजूंना कठडा काढला. पुढच्या बाजूलासुद्धा, जिथून मुलांनी खाली घरंगळत यायचं असतं. योहानेस, आपला सुतार, कागद बघून नम्रपणे म्हणाला, "फार मजबूत आहे." ईराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, "पापा, नाइन, असं नसतं!" आणि तू हसता हसता जमिनीवर बसलीस. "अगदी सुरक्षित आहे," म्हणालीस. "या रॅम्पवरून आजवर कुणीही पडलेलं नाही आणि पडणारही नाही."

पण खरा वाद त्यानंतर सुरू झाला, आणि तो दीड वर्ष चालला.

तुला तिथे काँक्रीटचा रॅम्प हवा होता. डोंगरउतार खोदून, त्यातच ओतलेला, गुळगुळीत वाडग्यासारखा. मला लाकडाचा हवा होता, बोल्ट काढले की सुटे होणारे तुकडे. माझं म्हणणं सरळ होतं. तुझ्या गावाच्या त्या भागात बांधकामाला इस्रायली लष्कराचा परवाना लागतो, तो मिळत नाही, आणि विनापरवाना बांधलेलं पाडायला बुलडोझर येतो. हे तूच मला सांगितलं होतंस, घरांबद्दल, पाण्याच्या टाक्यांबद्दल. लाकूड असेल तर खबर लागताच सुटं करून शाळेच्या खोलीत रचता येईल. काँक्रीट कुठे लपवणार?

तू म्हणायचीस, "आम्हाला जे काही मिळतं ते सगळं उचलता येण्याजोगंच असतं. तंबू, पत्र्याची खोली, पिशवीतलं पीठ. एकदा तरी काहीतरी असं हवं जे कुणाला उचलता येणार नाही."

"जे उचलता येत नाही ते फोडावं लागतं," मी म्हणालो.

"फोडू देत. त्यांना वेळ लागेल. मी असं मिश्रण करीन की लागेलच."

एकदा मी तुला आमच्या गावाची गोष्ट सांगितली. ती वाद जिंकण्यासाठी सांगितली होती, हे कबूल करतो. माझ्या लहानपणी आमचं गाव धरणात गेलं. पाणी चढायच्या आधी सगळ्यांनी आपापली घरं स्वतःच उतरवली. दगडी भिंती तशाच सोडल्या, पण तुळया, खांब, दारांच्या चौकटी, कौलं असं सगळं काढून ट्रकमध्ये भरलं. बाबांनी प्रत्येक लाकडावर गेरूने खूण केली होती, म्हणजे नव्या जागी तसंच जोडता यावं. आणि जोडलं. नव्या वसाहतीतल्या घराला जुन्याच घराचं दार आहे, अजूनही. मी तुला म्हणालो, बघ, लाकूड वाचलं, भिंती नाही वाचल्या.

तू मग विचारलंस, "दार मिळालं. आणि अंगण?"

मी म्हणालो, अंगण कसं आणणार.

"तेच," म्हणालीस. "आमच्या आजीकडेही तशीच किल्ली आहे, सोडाव्या लागलेल्या घराची. दार कुठे आहे हे कुणाला माहीत नाही, पण किल्ली आहे. आमच्या मुली काय उचलून आणायचं हे शिकतच मोठ्या होतात, हिसाब. मला त्यांना ते शिकवायचं नाहीये."

तरी माझं मत बदललं नाही. मी घरी आलो आणि पुन्हा हिशेब केला, तोच आला.

संस्थेत माझ्यासह तिघे लाकडाच्या बाजूने होतो, तुझ्यासह चौघे काँक्रीटच्या. मतदान व्हायचं त्याच महिन्यात तुझं दुखणं निघालं. बैठक पुढे ढकलली. मग परत ढकलली. इस्पितळात मी भेटायला यायचो तेव्हा माधवीने दिलेली मुगाची खिचडी बाजूला सारून तू आधी कागद मागायचीस. डोक्यावर टोपी, हातात सलाइनची सुई, आणि तरी, "उताराची त्रिज्या किती धरलीस? एक ऐंशी? लहान मुलींना ती तीव्र होईल, दोन कर." मी दोन केली. एवढंच एक तुझं मी बिनतक्रार ऐकलं.

शेवटी शेवटी एकदा तू म्हणालीस, "मी गेले की तीन विरुद्ध तीन होईल."

"असं बोलू नये," मी म्हणालो. आमच्याकडे असंच म्हणतात.

"मी आकड्याबद्दल बोलतेय. बरोबरी झाली तर ठराव नामंजूर, असं घटनेत तूच लिहिलंयस. म्हणजे मी मरून तू जिंकणार." आणि हसलीस. मला मात्र हसता आलं नाही. मला वाटलं होतं, याचं उत्तर मी पुढच्या खेपेला देईन. पुढच्या खेपेला तू झोपलेली होतीस, आणि त्याच्या पुढे खेप उरली नाही.

दफनाच्या वेळी तुझी आई फोनवर होती. तिला येता आलं नाही. तुझ्या भावाचे हात मातीने भरलेले होते, म्हणून फोन मी धरला. ती काय बोलत होती ते मला कळत नव्हतं. फक्त तिच्या आवाजावरून वाटत होतं की ती तुला रागावतेय, उशिरा घरी आलेल्या मुलीला रागवावं तशी. फोन हलू नये एवढीच काळजी मी घेतली. पाऊस होता, पडद्यावर थेंब पडत होते आणि ते पुसले तर चित्र हलेल अशी भीती वाटत होती. माझा हात अवघडून गेला. ईरा शेजारी उभी होती, तिने माझ्या कोपराखाली हात धरला. तेव्हापासून तिने बोर्डाला हात लावलेला नाही. तो दारामागे उभा आहे. मी विचारलं की ती म्हणते, "श्पेटर." नंतर.

मग आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, बैठक झाली. आता तारीख आणखी फार ढकलणं शक्य नव्हतं. उन्हाळ्यात आपली माणसं तुझ्या गावी जाणार आहेत, त्यांच्याबरोबर काय न्यायचं हे ठरायला हवं होतं. आम्ही सहा जण. तू म्हणाली होतीस तशीच स्थिती, तीन विरुद्ध तीन. मी काही बोललो नसतो तर बरोबरी होऊन काँक्रीटचा ठराव पडला असता आणि दीड वर्षाचा वाद मी जिंकलो असतो. तू मेलीस म्हणून जिंकलो असतो.

मला ते नको होतं. पण तुझ्यासाठी म्हणून काँक्रीटला हात वर करणंही मला जमेना. माझा हिशेब अजूनही लाकूडच सांगत होता, आणि केवळ दुःख झालंय म्हणून चुकीच्या बाजूने मत देणं तुला चाललं नसतं. तू म्हणाली असतीस, दया नको, मुद्दा दे. मी त्यांना म्हणालो, मला मत देण्याआधी एक विचारायचंय, आपण मुलींना विचारलंय का?

योहानेसने सगळ्यांकडे पाहिलं. "आल्झो, म्हणजे, रीमने विचारलं असेल ना?" कुणी म्हणालं, हो, विचारलंच असेल. मी म्हणालो, मला वाटत नाही. मला वाटतं तिने आणि मी एकमेकांनाच विचारलं, परत परत. रीम, तू त्यांच्यातली होतीस, त्यामुळे तुला विचारायची गरज वाटली नसेल. आणि मला वाटलं तू सांगतेस तेच त्यांचं मत. बैठक एक आठवडा पुढे ढकलायचं ठरलं आणि मी हनानला फोन केला.

तिचं इंग्रजी अडखळत चालतं. तरी बोललो. मी दोन्ही बाजू सांगितल्या, तुझी बाजू आधी आणि जास्त चांगली सांगितली, देवाशपथ. ती म्हणाली, शुक्रवारी मुलींना विचारते.

शुक्रवारी तिचा निरोप आला, बोलका, फोनवर ध्वनिमुद्रित केलेला. मागे कल्लोळ होता, चाकांचा खडखडाट, सगळ्या एकदम बोलत होत्या आणि हनान मधेमधे ओरडून त्यांना गप्प करत होती. मग ती मला इंग्रजीत सांगायला लागली. मुलींना लाकूड हवंय, म्हणाली.

मला क्षणभर बरं वाटलं, लपवणार नाही.

मग तिने कारण सांगितलं. बुलडोझरबद्दल मुली काहीच बोलल्या नव्हत्या. पलीकडच्या गावातल्या मुलींना शिकायचंय. पण मधल्या रस्त्यावरचं लष्कराचं फाटक कधी बंद असतं, कधी उघडं, आणि त्यांच्या घरचे मुलींना तिथून पाठवत नाहीत. त्या गावात एक लग्नाचा हॉल आहे, आठवडाभर रिकामा असतो, त्याचं आवार फरशीचं आहे. रॅम्प सुटा होत असेल तर महिन्यातून एकदा भाजीच्या पिकअपमधून तिकडे न्यायचा. फाटक बंद असेल तर शेतातून, उचलून. मग त्याच्या पुढच्या गावात. एक मुलगी मधेच ओरडली आणि बाकीच्या हसल्या. हनान म्हणाली, ही म्हणते, रॅम्पलाच चाकं लावून पाठवा.

मी तो निरोप तीनदा ऐकला. त्यांना उचलून पळून जायचं नव्हतं. त्यांना उचलून पाहुणं म्हणून जायचं होतं. दीड वर्षात हे ना तुझ्या डोक्यात आलं, ना माझ्या. तू बुलडोझरच्या धाकाने काँक्रीट म्हणत होतीस, मी त्याच धाकाने लाकूड म्हणत होतो, आणि त्या पोरींना शेजारच्या गावी जायचं होतं.

हे मला तुला सांगायचं होतं. फोन उचलायला हातही गेला. तू काय म्हणाली असतीस हे मला खरंच माहीत नाही. कदाचित वैतागली असतीस. कदाचित दोन रॅम्प करू म्हणाली असतीस, एक न हलणारा, एक फिरता, आणि वाद आणखी दीड वर्ष चालू ठेवला असतास. मला ते फार आवडलं असतं. तुझ्याशी न पटणं ही माझ्या आठवड्यातली एक ठरलेली गोष्ट होती, आणि तिच्याबद्दल मी कधी तुझे आभार मानले नाहीत. आभार मानण्यासारखं ते काही आहे असं तेव्हा वाटलंच नव्हतं.

काल मतदान झालं. सहाच्या सहा हात लाकडासाठी वर गेले. काँक्रीटवाल्या तिघांपैकी एकीने डोळे पुसले आणि मग हात वर केला. इतिवृत्तात तुझं म्हणणं पूर्ण लिहून ठेवायला मी सांगितलं, तू मांडायचीस तसं, आजीच्या किल्लीसकट. ते विरोधी मत म्हणून नोंदलं गेलं आहे. नियमात मेलेल्या सभासदाचं मत बसत नाही, पण म्हणणं लिहू नये असंही कुठे लिहिलेलं नाही.

आता आराखडा नव्याने करतोय. उतार अडीच मीटर रुंद होता, त्याचे तुकडे पाडायचेत, प्रत्येक तुकडा दोन मुलींना शेतातून उचलून नेता आला पाहिजे. त्यासाठी मला एकच आकडा हवा आहे. हनानला विचारलं, मुली दोघींत मिळून किती वजन उचलतील? ती म्हणाली, "तुम्ही पाठवाल तेवढं उचलतील." हे उत्तर मला वापरता येत नाही. तू एकेकीचं नाव घेऊन सांगितलं असतंस, ही पंधरा किलो, ही वीस, आणि हिला विचारूच नकोस, ती बढाया मारते. मी दोघींना मिळून तीस किलो धरलेत आणि तुकड्याची रुंदी साठ सेंटीमीटरवर आणली आहे. जास्त आहेत की कमी, मला कळत नाही. योहानेसला दाखवलं. तो म्हणाला, बरोबर आहे. तो सगळ्यालाच बरोबर म्हणतो.